उजव्या खुर्चीतला आवाज : प्रस्तावना

२८ मे १९६८ रोजी गरुडा इंडोनेशियन एअरवेजचे कन्व्हेअर ९९० जातीचे विमान मुंबईहून उडाले आणि काही वेळातच नालासोपाऱ्याजवळ बिलालपाड्यात कोसळले. जकार्ताहून ॲम्स्टरडॅमला जाणारे हे विमान वाटेत मुंबईला थांबले होते आणि कराचीकडे निघाले होते. आतले सर्व २९ जण गेले, जमिनीवरचाही एक जीव गेला. आज बिलालपाडा म्हटले की डोळ्यांपुढे दाटीवाटीची वस्ती येते. तिथे कधीकाळी परदेशी विमान पडले होते, हे तिथल्या तरुण मुलांना बहुधा ठाऊकही नसेल.

या अपघाताचे जे कारण नोंदवले जाते ते असे की, मुंबईत विमानात चुकीच्या प्रकारचे इंधन भरले गेले आणि उड्डाणानंतर चारही इंजिने बंद पडली. ते तसे असेल तर वैमानिक आपल्या खुर्चीत बसण्याआधीच अपघाताला सुरुवात झाली होती. इंधनाची गाडी कुणीतरी विमानापाशी आणली, नळी कुणीतरी जोडली, कुणीतरी कागदावर सही केली आणि तो कागद कुणीतरी हातात घेतला. एवढ्या हातांपैकी एक हात जरी थबकला असता, ‘थांबा, हे इंधन या विमानाचे नाही’ असे एक वाक्य जरी कुणी उच्चारले असते, तरी पुढचे काही घडले नसते. अपघाताची साखळी अशीच असते. ती तोडायला फार मोठे शौर्य लागत नाही. योग्य क्षणी, योग्य माणसाने, स्पष्ट आवाजात बोलावे लागते आणि समोरच्याने ते ऐकावे लागते. हे पुस्तक त्या बोलण्याविषयी आणि त्या ऐकण्याविषयी आहे.

विमानक्षेत्रात या विषयाला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. रोजच्या बोलण्यात सीआरएम. कॉकपिटमधली दोन माणसे, केबिनमधले सहकारी, जमिनीवरचे तंत्रज्ञ, रेडिओवरचा हवाई वाहतूक नियंत्रक, समोरची उपकरणे, हातातली चेकलिस्ट, टाकीतले इंधन आणि हातात उरलेला वेळ ही सगळी साधनसंपत्ती. तिच्यातली कुठली गोष्ट कुठल्या क्षणी वापरायची आणि हाताशी असलेली एकही गोष्ट वाया कशी जाऊ द्यायची नाही, याचे हे शिक्षण आहे. विमान उडवण्याचे कौशल्य वेगळे आणि हे वेगळे. पहिल्यात निष्णात असलेली माणसे दुसऱ्यात कमी पडू शकतात, हे कळायला विमानक्षेत्राला फार मोठी किंमत मोजावी लागली.

ती किंमत एकवीस महिन्यांच्या अवधीत घडलेल्या तीन अपघातांत दिसते. पहिला २७ मार्च १९७७चा, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा. धुक्यात केएलएमच्या जंबो विमानाने परवानगी न घेता धाव सुरू केली आणि धावपट्टीवरच असलेल्या पॅन ॲमच्या जंबोवर ते आदळले. ५८३ माणसे मेली. हवाई वाहतुकीच्या इतिहासात इतका मोठा अपघात दुसरा नाही. केएलएमचे कॅप्टन कंपनीच्या सर्वांत ज्येष्ठ प्रशिक्षकांपैकी होते. या अपघाताबद्दल नेहमी सांगितले जाते की सहवैमानिक गप्प राहिला. मला मात्र तिथली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कॅप्टनने पहिल्यांदा थ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद वाढवणारे दांडे, पुढे सरकवले तेव्हा सहवैमानिकाने अडवले होते, अजून परवानगी मिळालेली नाही म्हणून. कॅप्टन थांबलेही. काही क्षणांनी ते पुन्हा निघाले, तेव्हा मात्र तो अडवू शकला नाही. समोरची धावपट्टी मोकळी झाली आहे ना, अशी शंका कॉकपिटमधल्या तिसऱ्या माणसाने, फ्लाइट इंजिनिअरने, काढली. कॅप्टनने ठामपणे होकार दिला आणि विषय संपला. ज्येष्ठाला एकदा टोकायला माणूस धीर गोळा करतो. दोन मिनिटांत पुन्हा टोकायचे म्हणजे आपण आगाऊ ठरू, असे त्याला वाटते. टेनेरिफला कमी पडले ते हे दुसऱ्यांदा बोलण्याचे बळ.

तिसरा अपघात २८ डिसेंबर १९७८चा, अमेरिकेतल्या पोर्टलँडचा. युनायटेड एअरलाइन्सचे कॅप्टन चाकांतल्या बिघाडात इतके गुंतले की विमान आकाशात घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपत आले. इंधनाचा विषय निघत होता, पण ‘आता उतरलेच पाहिजे’ या भाषेत तो कुणी मांडला नाही. दहा जण गेले. त्यानंतर अमेरिकेच्या तपास मंडळाने शिफारस केली की कॅप्टनला सहभागाने काम करायला शिकवा आणि इतरांना ठामपणे बोलायला. जून १९७९मध्ये नासाने सॅन फ्रान्सिस्कोत या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी पहिला पद्धतशीर अभ्यासक्रम सुरू केला. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या सीआरएमचे मूळ ते.

या दोहोंच्या मधला अपघात आपल्या किनाऱ्यावरचा आहे आणि तो आपल्याकडच्या प्रशिक्षणवर्गांत मला फारसा ऐकू येत नाही. १ जानेवारी १९७८ची संध्याकाळ. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७, ‘सम्राट अशोक’, सांताक्रूझहून दुबईला निघाले. समुद्रावर येताच विमानाने नेहमीप्रमाणे उजवे वळण घेतले आणि मग ते सरळ व्हायला लागले. पण कॅप्टनच्या समोरचा ॲटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे विमान किती कलले आहे हे दाखवणारे यंत्र, विमान अजून उजवीकडेच कललेले दाखवत अडकून पडले. बाहेर काळोख होता. समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होते, याची रेषा दिसत नव्हती. कॅप्टन यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवत राहिले. धावपट्टी सोडल्यापासून दोन मिनिटेही झाली नव्हती, तोच विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ जण गेले.

त्या कॉकपिटमध्ये विमानाचा कल दाखवणारी तीन यंत्रे होती. एक कॅप्टनसमोर, एक सहवैमानिकासमोर आणि एक राखीव. बिघडले होते एकच. कॅप्टनने आपल्या यंत्राबद्दल शंका बोलून दाखवली. सहवैमानिकाच्या उत्तराचा अर्थ त्याचेही यंत्र बिघडले आहे असा होत होता, वास्तविक ते विमानाचा खरा कल दाखवत होते. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या यंत्राकडे बोट दाखवले, पण तोवर वेळ संपली होती. चौकशीचा निष्कर्ष दुहेरी होता. कॅप्टनच्या बिघडलेल्या यंत्रामुळे विमानाच्या स्थितीचे भान सुटले आणि उरलेल्या यंत्रांच्या आधारे चमूला ताबा परत मिळवता आला नाही.

मी या अपघातापाशी थबकतो, कारण तिथे कुणी कुणाला दबकून नव्हते. कुणी कुणाचा अपमान केला नव्हता. अनुभवी माणसे होती आणि ती एकमेकांशी बोलतही होती. पण त्या बोलण्याला ठरलेला साचा नव्हता. ‘तिन्ही यंत्रे ताडून पाहू, दोन जुळतात ती खरी, ताबा माझ्याकडे द्या’ ही वाक्ये आधी शंभर वेळा तोंडून गेलेली असती, तर त्या काळोखात ती आपोआप आली असती. संकटात माणूस नवे वाक्य तयार करू शकत नाही. सरावातले वाक्य तेवढे तोंडात येते. सीआरएम म्हणजे आपापसांत गोड वागणे, असा एक गैरसमज पसरलेला आहे. वांद्र्याचा अपघात तो पुसून टाकतो.

म्हणून या शिक्षणाचा मोठा भाग अगदी ठोक आहे. उड्डाणात एक वैमानिक विमान उडवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो. कॅप्टनने उडवायचे आणि सहवैमानिकाने पाहायचे, असे हे वाटप नसते. ते फेरीगणिक बदलते. लक्ष ठेवणाऱ्याचे काम दुय्यम मानले जात नाही. उतरताना विमानाचा वेग, उंची, खाली येण्याची गती आणि धावपट्टीच्या रेषेत असणे ठरलेल्या मर्यादेत नसेल तर त्याने ठरलेल्या शब्दांत सांगायचे. ढगाळ हवेत साधारण एक हजार फुटांवर आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर विमान स्थिर नसेल, तर उतरायचे नाही, गो-अराउंड करायचे, म्हणजे पुन्हा वर जायचे. तिथे चर्चेला जागा नाही. एकाने दिलेली सूचना दुसऱ्याने परत उच्चारायची. ताबा देताना आणि घेताना तो मोठ्याने बोलून द्यायचा-घ्यायचा. विरार लोकलमध्ये शेवटच्या डब्यातला गार्ड दोन घंटा देतो आणि पहिल्या डब्यातला मोटरमन त्या तशाच परत वाजवतो, तेव्हाच गाडी हलते. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही, तरी ऐकले गेल्याची खात्री दोघांनाही होते. कॉकपिटमध्ये दोघे हाताच्या अंतरावर बसतात आणि तरीही तिथे हीच शिस्त लागते, कारण जवळ बसलेला माणूस ऐकतो आहे असे आपण गृहीत धरतो.

आता कोझिकोड. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्यावर आहे आणि लिहायला सर्वांत जड गेले तेही तेच.

७ ऑगस्ट २०२०. कोविडच्या काळात परदेशी अडकलेल्यांना परत आणणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ दुबईहून कोझिकोडला येत होते. १८४ प्रवासी आणि सहा कर्मचारी. कॅप्टन दीपक वसंत साठे. नागपूरशी घट्ट नाते असलेले मराठी कुटुंब, हवाई दलातून निवृत्त विंग कमांडर, हवाई दल अकादमीतून बाहेर पडताना ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’ मिळवलेले, हिंदुस्तान एअरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक म्हणून काम केलेले. सहवैमानिक अखिलेश कुमार. पाऊस होता, रात्र होती आणि धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून बांधलेली. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा काचेवरचा वायपर बंद पडला. विमान पुन्हा वर गेले, ते योग्यच झाले. दुसऱ्या प्रयत्नात उलट्या बाजूने, पाठीमागून येणारा वारा घेऊन ते उतरले. ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर ते टेकले ४,४३८ फुटांवर, म्हणजे जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर. ते थांबू शकले नाही, कडेवरून खाली गेले आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

विमान अपघात अन्वेषण ब्युरोचा अहवाल सप्टेंबर २०२१मध्ये आला. त्यात म्हटले आहे की उतरण्याची गती वाढल्यावर सहवैमानिकाने लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला. तो क्षीण होता, संकोचलेला होता. मग त्याने गो-अराउंड करा असे सांगितले. तरीही विमान उतरवले गेले. अशा वेळी कार्यपद्धतीनुसार ताबा स्वतःकडे घ्यायला हवा होता, तो त्याने घेतला नाही. अहवालाने चूक तिथेच संपवलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनकडे होते, त्यामुळे कोझिकोडलाच उतरण्याची ओढ मनात होती. आणि कंपनीच्या त्या तळावर २६ सहवैमानिकांमागे कॅप्टन एकच नेमलेला होता, याकडेही अहवाल बोट दाखवतो.

या माणसांबद्दल लिहिताना माझा हात जपून चालतो. कॅप्टन साठे बेफिकीर असते, अकुशल असते, तर हा धडा सोपा झाला असता. असा माणूस नेमूच नये, एवढे म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण ते आयुष्यभर अवघड विमाने उडवलेले, अनेकांच्या आदराला पात्र झालेले वैमानिक होते. तो आदरच त्या रात्री उजव्या खुर्चीतल्या तरुणाच्या घशात अडकला असेल का, हा प्रश्न मला सुटत नाही. निष्णात माणसाशेजारी बसल्यावर ‘यांना माझ्यापेक्षा जास्त दिसत असेल’ असे वाटणे स्वाभाविक आहे. या स्वाभाविक भावनेविरुद्धच सराव करावा लागतो.

याच्या दहा वर्षे आधी, २२ मे २०१० रोजी, याच कंपनीचे विमान मंगळूरला तशाच डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून खाली गेले होते. १६६ पैकी आठ जण वाचले. तिथेही सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवले होते आणि तेही एकदा नव्हे, अनेकदा. कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेले होते आणि जागे झाल्यावर त्यांना परिस्थितीचा अंदाज आला नाही, असे चौकशीत नमूद आहे. दोन अपघात, एक दशक, उजव्या खुर्चीतून आलेली तीच सूचना. तेव्हा कनिष्ठांना बोलायला शिकवा एवढे म्हणून भागत नाही. ते बोलले होते. उरलेल्या भागातला मोठा वाटा कॅप्टनचा आहे. शेजारच्याने ‘गो-अराउंड’ म्हटले की हात आपोआप थ्रॉटल पुढे ढकलायला जावा, योग्य की अयोग्य हा वाद वर गेल्यावर घालता येतो. आणि काही वाटा कंपनीचाही आहे. गो-अराउंडसाठी जास्तीचे इंधन जाळले म्हणून ज्या कार्यालयात कपाळाला आठ्या पडतात, तिथले वैमानिक पुढच्या वेळी आठ्या आठवतात. म्हणूनच गो-अराउंडबद्दल वैमानिकाला जाब विचारू नये, असे धोरण नियामकांनी घेतलेले आहे. ते कागदावरून ड्यूटी रूममध्ये उतरले पाहिजे.

इथे आपल्या घरांचा विषय काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आपण मुलांना मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस, उलट उत्तर देऊ नकोस असे सांगत वाढवतो. वाडीतल्या घरात, चाळीत, शाळेत, चर्चच्या आवारात आणि देवळाच्या ओट्यावर हे वळण सारखेच आहे. त्यात प्रेम आहे, मर्यादा आहे आणि मी ते टाकून द्या असे म्हणणार नाही. पण त्याच घरातला मुलगा वीस-बावीसाव्या वर्षी विमानाच्या पंखाखाली उभा राहतो. समोरचा सुपरवायझर वडिलांच्या वयाचा असतो. सामानाच्या कप्प्याचे दार नीट लागलेले नाही, असे मुलाला दिसते. त्या क्षणी घरातले वळण आणि नोकरीतले कर्तव्य समोरासमोर येतात. मान राखूनही ठाम बोलता येते, हे त्याला कुणीतरी शिकवलेले असले पाहिजे. प्रशिक्षणात त्याच्या पायऱ्या असतात. आधी विचारणे, मग धोका दाखवणे, मग स्पष्ट हरकत घेणे आणि शेवटी काम थांबवणे. ‘साहेब, दार एकदा बघता का?’ इथून सुरुवात करून ‘साहेब, हे दार लागल्याशिवाय मी विमान सोडू देणार नाही’ इथपर्यंत तो गेला, तरी त्याने साहेबाचा अवमान केलेला नसतो. साहेबांनीही तो अवमान मानू नये, हे साहेबांच्या प्रशिक्षणात आले पाहिजे.

वसई, नायगाव, नालासोपारा, विरार इथून रोज विमानतळावर जाणारी माणसे कोण आहेत, ते पाहा. लोडर, चेक-इन काउंटरवरच्या मुली, केबिन क्रू, देखभाल तंत्रज्ञ, केटरिंगच्या गाड्या चालवणारे, सफाई करणारे, सुरक्षा तपासणारे. अंधेरीला उतरून ते मेट्रोने एअरपोर्ट रोडकडे जातात किंवा रात्रपाळीच्या बसची वाट पाहतात. यांतल्या बहुतेकांना सीआरएम हा वैमानिकांचा विषय वाटतो. पूर्वी तो तसाच होता. नावात ‘क्रू’च्या जागी ‘कॉकपिट’ होते. एकाच वर्षातल्या दोन अपघातांनी कॉकपिट आणि केबिन यांच्यातली ही भिंत किती महाग पडते, ते दाखवून दिले.

८ जानेवारी १९८९, इंग्लंडमधले केगवर्थ. ब्रिटिश मिडलँडच्या बोइंगच्या डाव्या इंजिनात बिघाड झाला आणि वैमानिकांनी बंद केले उजवे. कॅप्टनने उजव्या इंजिनाचा त्रास असल्याचे प्रवाशांना जाहीर केले. मागे बसलेल्या काहींनी डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना पाहिल्या होत्या. कॅप्टन चुकीचे बोलत आहेत, हे कुणी पुढे जाऊन सांगितले नाही. ४७ जण गेले. दोन महिन्यांनी, १० मार्चला, कॅनडातल्या ड्रायडनमध्ये एअर ओंटारिओचे विमान पंखांवर बर्फ घेऊन उडाले आणि झाडांत कोसळले. २४ जण मेले. वाचलेल्या हवाई परिचारिकेने चौकशी आयोगापुढे सांगितले की तिने बर्फ पाहिला होता, पण अशी माहिती घेऊन आलेल्या केबिन क्रूचे कॉकपिटमध्ये स्वागत होत नाही, हा तिचा अनुभव होता. तिच्या या साक्षीचा भाग मी केबिन क्रूच्या वर्गात पहिल्या दिवशीच वाचायला देतो.

आणि मग हानेडा. २ जानेवारी २०२४ला टोकियोत जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. तटरक्षकांचे पाच जण दगावले. जपान एअरलाइन्सच्या विमानातले सर्व ३७९ जण मात्र जळत्या विमानातून बाहेर पडले. घोषणायंत्रणा बंद पडली होती, तेव्हा परिचारिकांनी मेगाफोन आणि स्वतःचा आवाज वापरला. आठ दारांपैकी बाहेर आग नसलेली तीनच त्यांनी उघडली. आग लागल्याचे कॉकपिटला आधी कळलेही नव्हते, ते केबिनमधून कळवले गेले. चहा-कॉफी देण्यासाठी मुली ठेवलेल्या असतात, असे जे कुणी म्हणतात, त्यांनी हा अपघात वाचावा. वसईतल्या आईबापांनीही वाचावा. मुलीने केबिन क्रूचा कोर्स घ्यायचा म्हटल्यावर त्यांना दिसतो तो गणवेश आणि पगार. तिच्या प्रशिक्षणातला मोठा भाग दारे, आग, धूर आणि आणीबाणीत माणसे हलवण्याचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

चांगल्या बाजूचे आणखी एक उदाहरण पुस्तकात सविस्तर आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या डीसी-१० विमानाचे शेपटीतले इंजिन फुटले आणि नियंत्रणाची तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेली. अशा अवस्थेत विमान कसे उडवायचे, हे कुठल्याही पुस्तकात नव्हते. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनी फिच यांना पुढे बोलावले. फिच यांनी गुडघ्यांवर बसून दोन इंजिनांचे थ्रॉटल हातात धरले आणि चौघांनी मिळून विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी पुढे आयुष्यभर त्याचे श्रेय या प्रशिक्षणाला आणि सर्वांना दिले. ज्येष्ठ असूनही ‘मला हे येत नाही, तुम्हाला काही सुचते का?’ असे विचारणारा कॅप्टन कसा असतो, हे त्यांच्याकडून शिकावे.

मुंबईच्या आकाशातली एक घटना केवळ नशिबाने किरकोळ ठरली. २० सप्टेंबर २०१८ला जेट एअरवेजचे जयपूरला निघालेले विमान वर चढत असताना केबिनमधला हवेचा दाब राखणारी कळ सुरू करायची राहून गेली. १६६ प्रवाशांपैकी काहींच्या नाकाकानांतून रक्त आले. विमान मुंबईला परतले, सगळे वाचले. चेकलिस्ट एकाने वाचायची आणि दुसऱ्याने पाहून उत्तर द्यायचे, ही पद्धत कशासाठी आहे, ते याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. उत्तर देणाऱ्याने कळीकडे न पाहता पाठ केलेला शब्द उच्चारला, तर कागद वाचला जातो पण तपासणी होत नाही.

जमिनीवरच्यांसाठीचे प्रकरण इंधनापासून सुरू होते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७मध्ये किलोग्रॅमऐवजी पौंडांच्या हिशेबाने इंधन भरले गेले आणि विमान ४१ हजार फुटांवर असताना ते संपले. कॅप्टन बॉब पियर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी इंजिनाविना विमान गिमलीच्या जुन्या विमानतळावर उतरवले, सगळे वाचले. बिलालपाड्याच्या विमानातल्यांना ती संधी मिळाली नाही. त्यापुढे देखभाल तंत्रज्ञांच्या चुकांची कॅनडाच्या गॉर्डन ड्यूपाँट यांनी १९९३मध्ये मांडलेली बारा कारणे येतात. थकवा, घाई, गृहीत धरणे आणि ठामपणाचा अभाव ही त्यांतली आपल्याला सर्वांत ओळखीची.

थकव्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. विरारहून निघालेला माणूस बारा तासांची पाळी करतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्रवास जोडतो. त्याच्या हजेरीपत्रकावर विश्रांती दिसते, शरीरात ती नसते. वैमानिकांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) २०२४च्या सुधारित नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली. तिला विमान कंपन्यांनी किती विरोध केला आणि तिच्या अंमलबजावणीला किती वेळ लागला, ते सर्वांनी पाहिले आहे. लोडर आणि तंत्रज्ञ यांच्याकडे तेवढ्या नेटाने पाहिले जात नाही, हे मला अन्यायाचे वाटते. कंत्राटावरच्या मुलाला ‘मी थकलो आहे, या बोल्टवर सही करणार नाही’ असे म्हणता येत नसेल, तर त्याला सीआरएमचे प्रमाणपत्र देऊन काय उपयोग? ही जबाबदारी शिकणाऱ्यावर ढकलून कंपन्यांनी सुटू नये.

१२ जून २०२५च्या अहमदाबादच्या अपघातावर या पुस्तकात प्रकरण नाही. अनेकांनी त्याबद्दल विचारले. त्या विमानातल्या केबिन क्रूमधल्या काही मुली आणि मुले डोंबिवली, बदलापूर, पनवेलच्या परिसरातली होती. आपल्या भागातल्या कितीतरी घरांना तो अपघात स्वतःचा वाटला. पण त्या वेळी कॉकपिटमध्ये काय झाले, याबद्दल वृत्तवाहिन्यांवर जो तर्कांचा बाजार भरला, त्यात भर घालायची नाही, असे मी ठरवले. अपघात तपासाचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे की तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नाही. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. त्याच्याबद्दल लिहिताना पूर्ण पुरावा हातात असला पाहिजे. जुन्या अपघातांच्या बाबतीतही मी प्रसिद्ध झालेल्या अहवालांच्या बाहेर गेलेलो नाही.

पुस्तक वर्गात वापरणाऱ्यांसाठी एक विनंती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संभाषणाचे सराव दिले आहेत. ते मनातल्या मनात वाचू नयेत. दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने बोलावेत. एकाने कॅप्टन व्हावे, एकाने सहवैमानिक. एकाने सुपरवायझर, एकाने लोडर. कॅप्टन झालेल्याने पहिल्या वेळी मुद्दाम ऐकू नये, दुसऱ्यानेही हार न मानता आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा म्हणावे आणि तरीही ऐकले गेले नाही तर ‘ताबा माझ्याकडे’ म्हणून खेळण्यातला थ्रॉटल का होईना, हातात घ्यावा. मग जागा बदलाव्यात. वर्गात सर्वांत लाजाळू जो असेल त्याला कॅप्टनची खुर्ची आधी द्यावी आणि सर्वांत बडबड्याला ऐकण्याचे काम. संभाषणे मराठीत दिली आहेत, ती जमली की इंग्रजीत करावीत, कारण रेडिओवर आणि कॉकपिटमध्ये भाषा इंग्रजीच असते. पण हरकत घेण्याचा पहिला धीर माणसाला आपल्या भाषेतच गोळा करता येतो, असा माझा अनुभव आहे, म्हणून सुरुवात मराठीतून.